घर नेरळला, धंदा मुंबईत : जाण्यापूर्वी पुरा हिशेब मांडा

डोंगरी, भेंडीबाजार, मदनपुरा, कुर्ला, धारावी. यांपैकी कोणत्याही मोहल्ल्यात चार कारागीर किंवा दुकानदार एकत्र बसले की एक विषय हमखास निघतो. अमक्याने खोली काढली आणि नेरळला ब्लॉक घेतला. तमका पनवेलला गेला. तिसऱ्याच्या मेहुण्याने कल्याणला घर केले आणि आता तो म्हणतो, मोकळी हवा आहे, पाणी आहे, मुले सुधारली. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो : आपणही जावे काय? धंदा मुंबईतच ठेवावा, घर लांब न्यावे आणि रेल्वेचा पास काढून रोज ये-जा करावी, हे आपल्याला परवडेल काय?

हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात आज ना उद्या येणारच आहे. दहा बाय पंधराच्या खोलीत सात माणसे राहतात, मुलगा लग्नाचा झाला आहे, मुलीला अभ्यासाला कोपरा नाही, ही परिस्थिती ज्याच्या घरी आहे त्याला मुंबई सोडू नका असा उपदेश करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. म्हणून जावे की न जावे याचे एकच उत्तर आम्ही देणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा निर्णय बहुतेक ठिकाणी अर्ध्या हिशेबावर घेतला जातो. घराची किंमत आणि पासाचे पैसे एवढेच पाहिले जाते. बाकीचा हिशेब पुढे भोगावा लागतो.

एके काळी हा निर्णय हिशेबाने झालाच नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबे जिवाच्या भीतीने मुंब्र्याला गेली आणि मुंब्रा बघता बघता मोठे शहर झाले. त्या वेळी शाळा कुठे, दवाखाना कुठे, गाडी किती वाजता, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. आज स्थिती निराळी आहे. आज जाणारा माणूस बहुधा पैशाच्या आणि जागेच्या अडचणीने जातो. म्हणजे त्याला विचार करायला वेळ आहे. तो वेळ त्याने वापरला पाहिजे.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मुंब्रा सुमारे ४० किलोमीटर, पनवेल ४९, कल्याण ५४, बदलापूर ६८, नेरळ ८६, कर्जत १०० आणि कसारा १२० किलोमीटरवर आहे. पण धंदेवाल्याला हे आकडे फारसे कामाचे नाहीत. त्याने दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजावा. घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा किती वेळात मिळते? आपल्या स्टेशनावर जलद गाडी थांबते का? दुकान मशीद बंदरला असेल तर पनवेलची हार्बर गाडी दुकानाजवळच उतरवते, पण कर्जतहून जलद गाडीने येणाऱ्याला भायखळ्याला उतरून गाडी बदलावी लागते, नाही तर शेवटपर्यंत जाऊन मागे चालत यावे लागते. नकाशावर जवळ दिसणारे भिवंडी याच कारणाने लांब पडते, कारण भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर आहे आणि तिथून मुंबईला थेट लोकल नाही.

नेरळचा हिशेब मांडून पाहू. गाडीत पावणेदोन तास धरा. दोन्ही टोकांना चालणे, रिक्षा आणि गाडीची वाट पाहणे मिळून पाऊण तास. म्हणजे एका वेळेला अडीच तास आणि जाऊन-येऊन पाच तास. महिन्याचे कामाचे २६ दिवस धरले तर १३० तास झाले. दहा तासांचा कामाचा दिवस मानला तर हे पुरे तेरा दिवस होतात. महिन्यातले तेरा दिवस!

नोकरदार मनुष्यही एवढाच प्रवास करतो, मग आपल्याला काय झाले, असे काही जण म्हणतात. इथेच चूक होते. नोकरदाराचा पगार ठरलेला असतो. प्रवासाचा वेळ त्याच्या झोपेतून आणि कुटुंबातून जातो, पगारातून जात नाही. नगावर मजुरी घेणाऱ्या जरीवाल्याचे, बॅग शिवणाऱ्याचे किंवा चामड्याच्या कारागिराचे तसे नाही. त्याचे हात थांबले की कमाई थांबली. समजा एखाद्याला ताशी साठ रुपये सुटतात. प्रवासातल्या १३० तासांपैकी निम्मे तासच तो कामावर बसला असता असे धरले, तरी महिन्याला ३,९०० रुपये गेले. ते कुठल्याही वहीत खर्च म्हणून लिहिले जात नाहीत, म्हणून ते दिसत नाहीत. पासाचे पैसे मात्र दिसतात आणि ते थोडे असतात. स्वस्त पास पाहून माणूस फसतो तो असा.

कारागिराने घराबरोबर काम हलवावे

आमच्या मते कारागिराने प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारावा. आपल्या धंद्याचा कोणता भाग मुंबईतच राहिला पाहिजे आणि कोणता भाग आपल्याबरोबर येऊ शकतो? माल घेणे, नमुना दाखवणे, तयार माल पोहोचवणे आणि पैसे वसूल करणे, यासाठी पेठेत जावे लागते. पण सुईचे काम, शिलाई, कातडे कापणे, घड्या घालणे, पॅकिंग हे नेरळला बसूनही होते. असा कारागीर आठवड्यातून दोन दिवस पेठेत गेला आणि बाकी दिवस घराजवळ बसून काम केले, तर त्याचे प्रवासाचे तास १३० वरून ४० च्या आसपास येतात. मग लांबचे घर त्याला खरोखर परवडते.

मात्र यातही तीन अडचणी आहेत. पहिली विजेची. मशिनींसाठी घरगुती जोडणी पुरेलच असे नाही. जागा पाहतानाच थ्री-फेज आणि व्यावसायिक जोडणी मिळते का, आणि पावसाळ्यात वीज किती वेळ जाते, हे शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारावे. तो खरे सांगेल. दुसरी अडचण जागेची. सोसायटीच्या ब्लॉकमध्ये मशीन लावली तर शेजारी तक्रार करतात आणि ती तक्रार रास्त असते. म्हणून कामासाठी वेगळा छोटा गाळा भाड्याने लागेल, त्याचे भाडे हिशेबात धरावे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. माणूस डोळ्यांसमोरून दूर गेला की घाईचे काम दुसऱ्याला जाते. ठेकेदाराला संध्याकाळी चार वाजता पन्नास नग हवे असतात, तेव्हा तो खालच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारतो, नेरळच्या माणसाला नाही. शिवाय हा आता लांब आहे, रोज विचारायला येणार नाही, हे ओळखून मजुरीही कापली जाते. यावर उपाय एकट्याने होत नाही. एकाच गावी गेलेल्या चार-पाच कारागिरांनी मिळून पाळी लावावी. रोज एकाने सर्वांचा माल न्यावा, सर्वांचे काम आणावे आणि दर एकत्र ठरवावा. म्हणजे पेठेत रोज कुणीतरी हजर राहील आणि प्रत्येकाचे चार दिवस वाचतील. यासाठी आधी एकमेकांवर भरवसा लागतो, आणि वही स्वच्छ लागते. माल कुणाचा, नग किती, पैसे किती, हे त्या दिवशीच लिहिले गेले पाहिजे. माल गाडीतून न्यायचा असेल तर ठरलेल्या वजनापलीकडे सामानाचे तिकीट लागते, तेही विसरू नये.

दुकानदाराची गोष्ट वेगळी

किरकोळ दुकानदाराला ही सोय नाही. त्याचे गिऱ्हाईक संध्याकाळी सहानंतर येते आणि रात्री दहापर्यंत राहते. शेवटचे गिऱ्हाईक करून, गल्ला मोजून, शटर ओढून निघेपर्यंत साडेदहा होतात. नेरळला पोहोचेपर्यंत एक वाजतो. सकाळी दहाला दुकान उघडायचे तर साडेसातला घर सोडायचे. असा माणूस आपल्या नव्या ऐसपैस घरात फक्त झोपायला येतो. रमजानमध्ये तर महंमद अली रोडची पेठ मध्यरात्र उलटेपर्यंत जागी असते, आणि शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात निघून जाते. त्यानंतर पहाटेपर्यंत गाडी नाही. म्हणजे वर्षाच्या कमाईचा महिना आला की एक तर धंदा अर्धवट टाकून निघायचे, नाही तर दुकानातच झोपायचे. ज्या महिन्यात घरच्यांबरोबर सहेरी-इफ्तार करायची, त्याच महिन्यात इफ्तार गाडीत दोन खजुरांवर होते.

घाऊक व्यापाऱ्याचे त्या मानाने बरे. नागदेवी स्ट्रीट किंवा मशीद बंदरकडची घाऊक पेठ संध्याकाळी लवकर आवरते. ज्याच्या दुकानात सख्खा भाऊ, मोठा मुलगा किंवा विश्वासाचा भागीदार आहे, त्यालाही पाळी लावता येते. पण ज्याचा सारा धंदा एकट्याच्या जिवावर चालतो, अशा किरकोळ दुकानदाराने घर लांब नेण्याआधी दहा वेळा विचार करावा. मालक नसताना गल्ल्यावर कोण बसणार, या प्रश्नाचे उत्तर नसेल तर ब्लॉक कितीही स्वस्त असो, तो महागच पडेल.

जुनी खोली सोडताना

आता पैशाची बाजू. पहिला नियम असा की धंद्याची जागा विकून राहायची जागा घेऊ नये. घर पोट भरत नाही. गाळा हातात असेल तर घर पुन्हा होऊ शकते, पण गाळा एकदा गेला की त्या पेठेत पुन्हा पाय ठेवणे कठीण असते.

दुसरी गोष्ट पगडीच्या खोलीची. पूर्वी पगडी घेणे-देणे कायद्याने गुन्हा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या कलम ५६ ने अशा व्यवहाराला मान्यता दिली. तेव्हा खोली देताना व्यवहार मालकाच्या संमतीने, लेखी आणि नोंदवून करावा. पुष्कळ जण तसे न करता खोलीला कुलूप लावून निघून जातात. इमारतीचा पुनर्विकास होईल तेव्हा नवी जागा मिळेल, या आशेवर ते असतात. त्यांनी याच कायद्याचे कलम १६ समजून घ्यावे. ज्या कामासाठी जागा घेतली त्या कामासाठी ती योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही, तर मालक ताबा मागण्यासाठी कोर्टात जाऊ शकतो. मालकाच्या परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवला, तरीही तेच. शिवाय भाडेकरूच्या मृत्यूनंतर राहत्या जागेचा हक्क ठरवताना त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाचा विचार आधी होतो. वडील एकटे जुन्या खोलीत आणि सारी मुले बाहेरगावी, अशी व्यवस्था करण्याआधी वकिलाला विचारावे. शंभर-दोनशे रुपयांच्या भाडेपावतीमागे लाखोंचा हक्क असतो, तो आळसाने घालवू नये.

नवे घर घेताना

मुंबईबाहेर घर स्वस्त का मिळते याची चौकशी करावी. काही ठिकाणी ते लांब असल्यामुळे स्वस्त असते. काही ठिकाणी कागदच नसतात म्हणून स्वस्त असते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्यापुढे शिळ येथे एक बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जीव गेले. त्यांत लहान मुलेही होती. तिथे राहायला आलेली माणसे गरीब होती आणि त्यांना स्वस्तात छप्पर हवे होते, एवढाच त्यांचा दोष.

म्हणून बयाणा देण्याआधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा आणि तयार इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. चालू बांधकाम असेल, जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील, तर त्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी असलीच पाहिजे. बिल्डर आपल्या समाजाचा आहे, मशिदीत पहिल्या रांगेत असतो, हा कागदाचा पर्याय नाही. जो प्रामाणिक आहे तो कागद दाखवायला लाजत नाही.

आपल्यापैकी अनेकांना व्याजाचे कर्ज घ्यायचे नसते. मग ते हातउसने करून, दागिने मोडून आणि धंद्यातले भांडवल काढून रोख घर घेतात. भांडवल काढले की माल कमी भरला जातो आणि गिऱ्हाईक रिकाम्या फळ्या पाहून परत जाते. त्यापेक्षा दोन वर्षे भाड्याने राहून पैसे साठवणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. भाड्याने घेतानाही करार नोंदवून घ्यावा. कायद्याप्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. काही सोसायट्यांत नाव ऐकूनच जागा नाकारली जाते, हा अनुभव नवा नाही. त्यामुळे मिळेल ते पहिलेच घर पकडण्याची घाई होते. ती घाई टाळावी.

गाडी बंद पडली तर?

धंदा रेल्वेच्या भरवशावर ठेवणाऱ्याने गाडी नसेल त्या दिवसाचाही विचार करावा. २६ जुलै २००५ च्या पावसात लाखो लोक रात्रभर अडकले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लोकल बंद झाल्या. सर्वसामान्य प्रवाशांसाठी त्या १ फेब्रुवारी २०२१ रोजी, आणि तेही ठरलेल्या वेळांतच, सुरू झाल्या. मधल्या काळात पेठा हळूहळू उघडल्या होत्या, पण लांब राहणारा दुकानदार दुकानापर्यंत पोहोचू शकत नव्हता. जवळ राहणाऱ्याने शटर उघडले आणि त्याचे गिऱ्हाईक नेले.

गर्दीबद्दल तर बोलावे तेवढे थोडे. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. ते कामालाच निघाले होते. मधल्या स्टेशनावर राहणाऱ्याला सकाळी भरलेली गाडी मिळते आणि त्याला दारातच उभे राहावे लागते. जिथून गाडी सुटते त्या स्टेशनावर राहणाऱ्याला निदान आत शिरायला मिळते. म्हणूनच कधी कधी मुंब्र्यापेक्षा कर्जत सोसते. घर ठरवण्यापूर्वी आपल्या वेळेची गाडी आपल्या स्टेशनावर कशी येते, ते सोमवारी सकाळी स्वतः जाऊन पाहावे. रविवारी घर पाहायला जाणाऱ्याला मोकळी गाडी दिसते.

घरातल्या माणसांना विचारा

निर्णय पुरुष घेतो, पण नव्या गावी दिवसभर राहायचे असते ते बायकामुलांना. मुंबईत घरातली बाई फॉल-पिको, टिकल्या लावणे, डबे असे काहीतरी करून घराला हातभार लावते. ते काम तिच्या गल्लीत मिळते. नव्या गावी मिळेल काय? मुले उर्दू शाळेत असतील तर तिथे उर्दू शाळा कितवीपर्यंत आहे? दहावीनंतर मुलीला परत मुंबईच्या गाडीत बसवावे लागणार असेल तर ते आधीच माहीत असावे. रात्री बाळंतपणाची वेळ आली तर दवाखाना किती लांब? म्हाताऱ्या आईला दर महिन्याला मुंबईच्या इस्पितळात न्यावे लागत असेल तर तिला गाडीत कोण चढवणार? आणि ज्या मुलांसाठी हे सारे करायचे, त्यांना बाप दिसणार केव्हा? सकाळी ती झोपलेली, रात्रीही झोपलेली.

आमचे मत

हे सारे पाहता आम्हाला असे वाटते की ज्याचे काम त्याच्याबरोबर हलू शकते त्याने जरूर जावे. घाऊक व्यापारी आणि ज्याच्या दुकानात घरचा दुसरा माणूस आहे, त्यानेही विचार करावा. त्याच्यासाठी पनवेल किंवा कल्याणपर्यंतचे अंतर सोसण्याजोगे आहे. एकट्याने चालणारे किरकोळ दुकान असेल तर धंदा आणि घर यांत एवढे अंतर पाडू नये. अशा माणसाने मोठ्या घरासाठी हट्ट धरण्यापेक्षा मुंबईतच थोडे आडवळणाला भाड्याने राहावे. किंवा धाडस असेल तर नव्या गावीच दुकान काढण्याचा विचार करावा. नेरळ, कर्जत, बदलापूर ही आता नुसती झोपायची गावे राहिलेली नाहीत. तिथेही लोकांना चपला लागतात, कपडे लागतात, फर्निचर लागते, आणि मुंबईच्या पेठेत मुरलेल्या माणसाला माल कुठून स्वस्त आणावा हे चांगले ठाऊक असते.

आणि कोणीही असो, विकण्या-घेण्याआधी तीन महिने भाड्याने राहून पाहावे. त्यांतला एक महिना पावसाळ्याचा असावा. रोज घर सोडल्याची आणि घरी पोहोचल्याची वेळ वहीत लिहावी, दुकानाची विक्रीही शेजारी लिहावी. तीन महिन्यांनी ती वही पत्नीसमोर आणि मोठ्या मुलांसमोर उघडावी. विक्री किती पडली, प्रकृती कशी राहिली, मुलांशी किती बोलणे झाले, हे सर्वांनी मिळून पाहावे. मग राहायचे ठरले तर खुशाल राहावे. परतायचे ठरले तर तीन महिन्यांचे भाडे आणि टेम्पोचे पैसे एवढेच गेले, आणि जुन्या खोलीची किल्लीही अजून आपल्याच खिशात असेल.